टाचेखालची गादी

पहाटेचे पाच वाजले. कोंबडा आरवला. मावशी जाग्या झाल्या. अंथरुणावर उठून बसल्या, केस बांधले, आणि उभ्या राहून पहिले पाऊल टाकले.

"आई गं!"

उजव्या टाचेत कुणी खिळा ठोकावा तशी कळ आली. मावशींनी भिंतीला हात टेकला. टाच उचलून, चवड्यावर लंगडत त्या मोरीपर्यंत गेल्या. तोंड धुतले, चहा ठेवला. घरातल्या घरात चार फेऱ्या झाल्या. मग कळ कमी झाली. मावशींना वाटले, गेले दुखणे.

पण ते गेले नव्हते. दुपारी त्या मेथी निवडायला बसल्या. तासाभराने उठल्या, तो पुन्हा तीच कळ.

असे तीन महिने चालले होते.

या मावशींचे नाव सांगत नाही. अशा मावशी, असे काका गावोगाव आहेत. मावशी भाजी विकतात. आठवड्यात चार गावांचे चार बाजार करतात. एसटीतून उतरायचे, पाटी डोक्यावर घ्यायची, बाजारापर्यंत चालायचे. मग दिवसभर बस-ऊठ, बस-ऊठ. टाच दुखू लागली तशी त्यांचे चाराचे दोन बाजार झाले. बाजार निम्मे झाले म्हणजे पैसाही निम्मा झाला.

शेजारणीने पाहिले आणि सांगितले, "हाड वाढलंय गं. ऑपरेशन करावं लागतं त्याला."

झाले! मावशींनी धास्ती घेतली. ऑपरेशन म्हणजे खर्च. ऑपरेशन म्हणजे घरी पडून राहणे. तोवर धंदा कोण करणार? या भीतीने त्या दवाखान्याची पायरीच चढल्या नाहीत. दुखण्यापेक्षा दुखण्याची भीती माणसाला जास्त अडवते, ती अशी.

शेवटी आशाताईंनीच त्यांना आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी टाचेच्या तळाशी, आतल्या अंगाला, अंगठ्याने दाबले. मावशी ओरडल्या.

"इथंच ना?" डॉक्टरांनी विचारले.

"इथंच हो, डॉक्टरसाहेब. हाड वाढलंय ना? कापावं लागंल का?"

"कापायचं काही नाही, मावशी. आधी तुमची चप्पल दाखवा बघू."

मावशींना नवल वाटले. दुखते टाच, आणि डॉक्टर मागतात चप्पल! त्यांनी बाहेर काढून ठेवलेली चप्पल आणली. पातळ रबराची, दोन पट्ट्यांची, अगदी सपाट. दोन वर्षे वापरलेली. टाचेखाली ती इतकी झिजली होती की भोक पडायचेच काय ते बाकी होते.

"ह्या चपलेत आणि अनवाणी चालण्यात काय फरक राहिला, सांगा," डॉक्टर म्हणाले.

तळव्यातली दोरी

टाच का दुखते ते आधी समजून घेऊ. ते समजले की उपाय आपोआप समजतो.

आपले पाऊल पाण्यात भिजवा आणि कोरड्या फरशीवर ठेवा. मग उचला. टाच उमटते, चवडा उमटतो, बोटे उमटतात. पण मध्ये आतल्या बाजूला जागा कोरडी राहते. कारण पाऊल तिथे कमानीसारखे उचललेले असते.

धनुष्य आठवा. धनुष्य वाकलेले असते आणि त्याच्या दोन टोकांना दोरी ताणून बांधलेली असते. आपले पाऊलही तसेच आहे. पावलाची हाडे म्हणजे धनुष्य. त्याच्या खाली, तळव्याच्या कातडीच्या आत, एक जाड चिवट पट्टी आहे. तीच दोरी. तिचे एक टोक टाचेच्या हाडाला आहे, दुसरे बोटांच्या मुळाशी.

आपण उभे राहिलो की अंगाचा भार कमानीवर पडतो. कमान दबते, दोरी ताणली जाते. पाऊल उचलले की दोरी सैल होते. दिवसभरात हे हजारो वेळा होते. ती दोरी हे सगळे सोसते. तिचे कामच ते आहे.

पण ताण फार झाला तर ती दुखावते. कुठे? विहिरीचा दोर कुठे विरतो? जिथे गाठ मारलेली असते तिथे. ही दोरीही टाचेच्या हाडाला जिथे चिकटलेली आहे तिथेच बहुधा दुखावते. म्हणून कळ टाचेखाली येते.

आता सकाळचे कोडे. रात्रभर निजून तर पायाला विश्रांती मिळाली. मग सकाळीच जास्त का दुखावे? कारण असे आहे. निजल्यावर पावले पुढे झुकलेली असतात. दोरी सैल पडते आणि तशीच आखडून राहते. चामड्याची वादी वाळून कडक व्हावी तशी. मग आपण उठतो आणि सगळा भार एकदम तिच्यावर टाकतो. आखडलेली दोरी हिसक्याने ताणली जाते. म्हणून पहिले पाऊल वैऱ्याचे. चार पावले चालल्यावर ती थोडी मोकळी होते आणि कळ उतरते. बराच वेळ बसून उठल्यावरही हेच घडते.

हे दुखणे कुणाला होते? बहुतेक चाळिशी ते साठीच्या माणसांना. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांना. ज्यांचे वजन वाढले आहे त्यांना. ज्यांच्या पोटऱ्या ताठ असतात त्यांना. एकाएकी चालणे वाढले, समजा वर्षभर बैठे काम केले आणि मग पायी वारीला निघाले, तरी होते. आणि घरात फरशी आली, पण पायात काही नाही, हेही एक कारण आहेच. मातीची जमीन फरशीइतकी कठीण नसते.

हाड वाढते म्हणजे काय?

टाचेचा फोटो काढला, म्हणजे एक्सरे काढला, तर काही जणांच्या टाचेला पुढे काट्यासारखे टोक आलेले दिसते. लोक म्हणतात, हा काटाच आत टोचतो. दिसायला ते तसे दिसते खरे. पण टाच मुळीच दुखत नाही अशा पुष्कळ माणसांच्या फोटोतही हाच काटा दिसतो. आणि टाच दुखून बेजार झालेल्या कित्येकांच्या फोटोत काटा नसतोच. म्हणजे दुखण्याचे मूळ काटा नव्हे. मूळ ती दुखावलेली दोरी. दोरी बरी झाली की काटा तसाच असूनही माणूस खुशाल चालतो.

म्हणून "हाड वाढलंय" असे कुणी म्हटले तर घाबरून जाऊ नका. या दुखण्याच्या दहा माणसांपैकी आठ-नऊ जण ऑपरेशन न करता बरे होतात. मात्र वेळ लागतो. कुणाला तीन महिने, कुणाला सहा, कुणाला वर्षही. हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर माणूस पंधरा दिवस उपाय करतो आणि "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतो.

गादी काय काम करते?

बुटाच्या आत तळाशी एक सुटा पातळ तळ असतो. जुने कारागीर त्याला सुकतळा म्हणत. आता दुकानात त्याला सोल किंवा इनसोल म्हणतात. आपण सरळ गादी म्हणू. टाच दुखत असेल तर बुटातला पातळ तळ काढून त्या जागी चांगली गादी घालता येते.

ही गादी दोन कामे करते. एक काम टाचेखाली. टाचेच्या हाडाखाली निसर्गानेच चरबीची गादी दिलेली आहे. वय वाढले की ती पातळ होते. मग प्रत्येक पावलाचा ठोका हाडापाशी जाणवतो. बाहेरची गादी तो ठोका सौम्य करते.

दुसरे काम कमानीखाली. चांगल्या गादीला मध्ये आतल्या बाजूला उंचवटा असतो. तो कमानीला खालून टेका देतो. कमान कमी दबली की दोरी कमी ताणते. घराच्या वाकलेल्या वाशाला खालून खांब द्यावा, तसेच हे.

नुसता मऊपणा पाहून गादी घेऊ नका. पुष्कळ जण इथेच फसतात. दुकानात स्पंजाची पातळ गादी दाखवतात. हाताला लोण्यासारखी लागते. चार दिवस बरे वाटते. पाचव्या दिवशी ती भाकरीसारखी चपटी होते. घेताना अंगठ्याने जोरात दाबून पाहा. अंगठा थेट तळाला टेकला तर ती तुमचे वजन पेलणार नाही. थोडी दबली पाहिजे आणि सोडल्याबरोबर वर आली पाहिजे. टाचेच्या जागी ती किंचित खोलगट असावी, म्हणजे टाच तिच्यात नीट बसते. कमानीचा उंचवटा हाताला लागला पाहिजे. पण तो दगडासारखा टोचता कामा नये.

काही ठिकाणी नुसत्या टाचेपुरती सिलिकॉनची वाटी मिळते. ती पारदर्शक, रबरासारखी लिबलिबीत असते. तीही चालते. दोन्ही पायांत घालावी, दुखत एकच टाच असली तरी. नाहीतर एक पाय उंच, एक खाली, आणि कंबर धरते.

महाग घ्यावी की साधी?

साधी तयार गादी काहीशे रुपयांत मिळते. पायाचे माप घेऊन बनवलेली गादी हजारो रुपयांची होते. आता तुम्ही म्हणाल, महाग ती चांगलीच असणार. तर एक हिशोब ऐका.

१९९९ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. टाचेचे हेच दुखणे असलेले २३६ रोगी त्यात होते. त्यांचे पाच गट केले. पायाला ताण देण्याचे व्यायाम सगळ्यांनाच सांगितले. पहिल्या गटाने फक्त व्यायाम केले. तीन गटांना व्यायामाशिवाय दुकानात मिळते तशी तयार गादी दिली. एका गटाला सिलिकॉनची, एकाला रबराची, एकाला नमद्याची. पाचव्या गटाला मापाने बनवलेली गादी दिली. आठ आठवड्यांनी विचारपूस केली.

फक्त व्यायाम करणाऱ्या १०० जणांत ७२ जणांना आराम पडला होता. नमद्याची गादी वापरणाऱ्या १०० जणांत ८१, रबराची वापरणाऱ्यांत ८८ आणि सिलिकॉनची वापरणाऱ्यांत ९५. आणि मापाने बनवलेली गादी? १०० जणांत ६८!

या आकड्यांकडे पुन्हा पाहा. त्यातून दोन गोष्टी दिसतात. सुरुवातीला साधी गादी महागड्या गादीपेक्षा मागे नाही. आणि गादी नसतानाही व्यायामाने ७२ जणांना आराम पडला. म्हणजे मोठे काम व्यायामाचे, गादी त्याची जोडीदार.

पुढे २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या १३५ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी आधाराची गादी वापरणाऱ्यांना चालण्याफिरण्यात थोडा जास्त फायदा दिसला. मापाची आणि तयार गादी यांत फरक दिसला नाही. वर्ष झाल्यावर तर सगळे जवळपास सारखेच होते, पातळ स्पंजाची नावापुरती गादी घालणारेसुद्धा. यावरून काय समजायचे? गादी दुखण्याच्या दिवसांत चालणे सुसह्य करते. ती जन्मभराचे औषध नव्हे, आणि तिच्यासाठी कर्जही काढायचे नाही.

ज्यांच्या पायाची ठेवण फार वेगळी आहे, किंवा पायाला बधिरपणा आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना मापाची गादी लागू शकते. ते डॉक्टर ठरवतील.

चपलेचे काय करायचे?

गादी बुटात बसते. पण आपल्यापैकी किती जण बूट घालतात? मावशींनी हाच प्रश्न विचारला. "मी काय बूट घालून बाजारात बसू, होय?"

सपाट चपलेवर सुटी गादी टिकत नाही, सरकते. त्याला दोन वाटा आहेत. एक, मागे पट्टा असलेली सँडल घ्यावी, जिचा तळ जाड आहे आणि कमानीखाली उंचवटा आहे. दुसरी, एम. सी. आर. रबराची चप्पल. दुकानात 'डॉक्टर चप्पल' मागितली तरी अशी चप्पल दाखवतात. या रबरात हवेची अगदी बारीक छिद्रे असतात, म्हणून ते दबते आणि पुन्हा वर येते.

या चपलेची कथा सांगण्यासारखी आहे. कुष्ठरोगात पायाची जाणीव जाते. खडा टोचला तरी कळत नाही, जखमा होतात. तमिळनाडूत वेल्लोर इथे डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांचे सहकारी अशा रोग्यांवर उपचार करीत. पाय वाचवायचा तर पायाखाली मऊ तळ हवा, हे त्यांनी ओळखले आणि अशा रबराच्या चपला वापरात आणल्या. आज कुष्ठरोग्यांना सरकारी दवाखान्यातून एम. सी. आर. चपला मिळतात. ज्यांच्यासाठी त्या निघाल्या त्यांचे पाय वाचलेच, पण आता टाचदुखीच्या माणसालाही त्यांचा उपयोग होतो.

कोल्हापुरी चप्पल घालणाऱ्यांना वाईट वाटेल, पण सांगितले पाहिजे. कोल्हापुरी टिकाऊ, देखणी, आपल्या मातीतली. पण तिचा तळ सपाट आणि कडक. टाच दुखते आहे तोवर ती बाजूला ठेवा. अगदीच सोडवत नसेल तर ओळखीच्या कारागिराला सांगा. तो टाचेखाली एम. सी. आर.चा तुकडा चिकटवून देईल. दोन्ही चपलांना सारखा.

घरात चप्पल?

आता खरी अडचण. डॉक्टर मावशींना म्हणाले, "घरातसुद्धा फरशीवर अनवाणी फिरू नका."

मावशींनी घरी येऊन हे सांगितले. सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं, घरात पायताण? चुलीपुढं? देव आहेत घरात!"

सासूबाईंचे काही चुकले नाही. रस्त्याची, गोठ्याची घाण लागलेली चप्पल घरात कुणी आणावी? पण बायकांचा निम्मा दिवस घरातच जातो. भाकऱ्या थापायच्या, भांडी घासायची, पाणी भरायचे, सगळे अनवाणी, सगळे फरशीवर. बाजाराच्या चपलेत उत्तम गादी आहे आणि घरात दहा तास टाच फरशीवर आपटते आहे, तर गादी बिचारी काय करणार? टाचदुखीचे उपाय फसतात ते बहुतेक इथेच, असे माझे मत आहे.

दोन दिवसांनी आशाताई घरी आल्या. त्या आजींशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, बाहेरची चप्पल आत आणायचीच नाही. एक नवा जोड आणायचा. तो उंबऱ्याबाहेर कधी जायचा नाही. रोज पुसायचा. देवापुढं जाताना काढून ठेवायचा. मग तर चालंल?"

आजी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दवाखान्यातल्या बाया घालतात की तसल्या आतबाहेर. पण देवघरात नको हं."

"नाही हो आजी, देवघरात नाही."

असा तो तंटा मिटला. ज्यांच्या घरी तेवढेही चालत नाही त्यांनी ओट्यापुढे, मोरीपाशी, जिथे जास्त उभे राहायचे तिथे जाड रबरी पायपुसणे किंवा चौपदरी सतरंजी टाकावी. चपलेइतका उपयोग नाही, पण काही नसण्यापेक्षा बरे. घरातला जोड रात्री अंथरुणाजवळ ठेवायचा. सकाळचे पहिले पाऊल जमिनीवर नाही, चपलेवर पडले पाहिजे.

गादी वापरायची रीत

नवी गादी घेतली की तिचे पुढचे टोक बुटाच्या मापाने कापावे लागते. बुटातला जुना तळ काढा, नव्या गादीवर ठेवा, पेन्सिलीने रेघ मारा आणि बोटांकडून कापा. टाचेकडून मुळीच कापू नका, म्हणजे टाचेची आणि कमानीची जागा हलत नाही. जुना तळ आत ठेवून वर नवी गादी कोंबू नका. बूट घट्ट होतो आणि बोटे सोलवटतात.

पहिल्या दिवशी तास-दोन तास वापरा. मग रोज थोडा वेळ वाढवा. कमानीत थोडे अवघडल्यासारखे वाटते, ते आठवड्याभरात जाते. पण गुडघा नाहीतर कंबर दुखू लागली, किंवा तळव्याला फोड आला, तर गादी काढा आणि दाखवा. चार-सहा आठवडे नेमाने वापरल्यावर मगच ठरवा की उपयोग होतो की नाही.

पावसाळ्यात गादी भिजते. ओली गादी तशीच वापरली तर बोटांत चिखल्या होतात. रोज रात्री बाहेर काढून वाऱ्यावर वाळवा. विस्तवाजवळ नको, ती आकसते. दाबून वर येईनाशी झाली की बदला.

दोरीचा व्यायाम

हा व्यायाम अंथरुणातच करायचा, पहिले पाऊल टाकायच्या आधी. बसा. दुखरे पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. हाताने पायाची बोटे धरा आणि नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपा. दोरी ताठ झालेली बोटाला लागेल. मनात दहा आकडे मोजा. सोडा. असे दहा वेळा करा. दिवसातून तीनदा करा. बराच वेळ बसल्यानंतर उठायच्या आधीही करावा.

दुसरा व्यायाम पोटरीचा. भिंतीला दोन्ही हात टेका. दुखरा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला टेकलेली. पुढचा गुडघा वाकवा. मागची पोटरी ताणली जाते. अर्धा मिनिट थांबा. दोन्ही पायांना करा.

व्यायामाला पैसा पडत नाही, म्हणून लोक त्याला किंमत देत नाहीत. ७२ चा आकडा आठवा!

वीट तापवून, वर रुईची पाने टाकून टाच शेकायची जुनी रीत आहे. शेकल्याने थोडा वेळ बरे वाटते. पण रुईचा चीक कातडीला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर फार वाईट. विटेने भाजतेही. शेकायचेच तर कोमट पाण्यात पाय सोडून बसा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी शेकूच नये. त्यांना चटका कळत नाही आणि जखम चिघळते.

औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. टाचेत इंजेक्शन देतात, त्याने काही आठवडे आराम पडतो. पण ते पुन्हा पुन्हा घेतले तर दोरी कमकुवत होऊन तुटूही शकते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि क्वचितच.

थांबू नका, दवाखान्यात जा

सगळीच टाचदुखी ही दोरीची नसते. झाडावरून किंवा उंचावरून पडल्यावर टाच दुखते, पाय टेकवत नाही, तर हाड मोडलेले असू शकते. टाच लाल झाली, सुजली, गरम लागते, अंगात ताप आहे. रात्री निजल्यावरही ठणकते. पायाला मुंग्या येतात किंवा पाय बधिर वाटतो. अशा वेळी गादी शोधत बसू नका, आधी डॉक्टर गाठा. तरण्या माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी उठल्यावर कंबर अर्धा-अर्धा तास धरून राहते, तर तो सांध्यांचा वेगळा आजार असू शकतो. मधुमेह असलेल्या माणसाने रोज तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांनी पाहावेत. गादी किंवा चप्पल घालण्यापूर्वी आत हात घालून खडा नाही ना ते पाहावे.

मावशींचे पुढे काय झाले?

पहिल्या महिन्यात फारसा फरक नव्हता. त्या आशाताईंवर रागावल्या सुद्धा. "तुमच्या गादीनं काय झालं?" असे त्यांनी तोंडावर विचारले. आशाताईंनी उलट विचारले, "सकाळचा व्यायाम करता का?" मावशी हसल्या. करीत नव्हत्या.

मग करू लागल्या. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी सकाळची कळ निम्म्यावर आली. मागे पट्टा असलेली सँडल घेतली होती, तिच्यात गादी चांगली बसली. बाजारात त्या खाली न बसता उंच फळकुटावर बसू लागल्या, म्हणजे उठताना टाचेवर एकदम भार येत नाही. पाटी डोक्यावर नेण्याऐवजी स्टँडवरून हातगाडीवाल्याला दहा रुपये देतात. ते पैसे त्यांना खटकतात. पण तिसरा बाजार सुरू झाला आहे.

लांबच्या बाजारानंतर टाच अजून थोडी बोलते. चौथ्या बाजाराला त्या पुढच्या महिन्यापासून जाणार आहेत. सँडलमधल्या गाद्या रोज रात्री पडवीत दोरीवर वाळत असतात. त्या काढून ठेवायचे काम आता आजींनी आपल्याकडे घेतले आहे.